संत्र्याच्या बागेतले एकशे चाळीस मीटर

रविवारी आईचा फोन येतो. आजऱ्याकडच्या आमच्या गावात रेंज धरायची तर तिला शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं, त्यामुळे ती धापा टाकतच बोलायला लागते. जेवलास काय, अंग बरं हाय काय, आणि तिसरा प्रश्न ठरलेला. त्या लोकांचं पाणी आलं काय रं? मी पाण्याच्या योजनेवर कामाला आहे, एवढंच तिला माहीत. अडीच वर्षं ती हे विचारत होती आणि अडीच वर्षं मी सांगत होतो, येईल, काम चालू आहे, नव्वद टक्के झालंय. एकदा ती म्हणाली, नव्वद टक्के म्हणजे किती घागरी? मला तिचा राग आला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून राग आला होता.

मी आठवी अर्ध्यावर सोडली. मोठ्या कामांबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही असं कुणी म्हणालं तर मी मान खाली घालीन, तशी सवयच आहे मला. पण एक मोठं काम कसं अडतं ते मी अगदी खड्ड्यात उभं राहून बघितलंय. पैसा होता, पाईप होते, माणसं होती, साहेब चांगले होते. तरी अडलं. आणि अडण्यात माझाही हात होता. ते कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

वर्धा जिल्ह्यात मी आलो तो केबल गाडणाऱ्या टोळीबरोबर. हायवेच्या कडेनं चर खणत खणत आम्ही कारंज्यापर्यंत पोचलो आणि तिथं मला तापानं धरलं. टोळी चार दिवस थांबली, पाचव्या दिवशी अमरावतीकडं निघून गेली. मी ढाब्यामागच्या खाटेवर. ढाबेवाला भला माणूस, दोन वेळा वरणाचं पाणी द्यायचा, पण रोज विचारायचा की तुमच्याकडून कोणी येऊन राह्यलं का. कोण येणार? कोल्हापूर म्हणजे त्याच्या लेखी दुसरं राज्यच.

त्या ढाब्यावर पाणीयोजनेचे साहेब सकाळी चहाला थांबायचे. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला त्यांचं घर, तिथून रोज गाडीनं साईटवर यायचे. तिसऱ्या सकाळी त्यांनी विचारलं की हा पोरगा कोणाचा. कोणाचाच नाही म्हटल्यावर त्यांनी मला स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी उठून बसलो तेव्हा ते समोर खुर्चीत होते.

"किती शिकला?"

"आठवी. पुरी नाही."

"टेप वाचता येते?"

"येते."

"खोटं त नाई सांगून राह्यला?"

मी म्हणालो, टेपबद्दल नाही. ते हसले आणि काम दिलं. लाइनवर देखरेख करायची. चराची खोली मोजायची, खाली मुरूम नीट पसरला का बघायचं, पाईपाच्या जोडात रबराची रिंग बसली का हात घालून तपासायचं. आठवी नापाससुद्धा न झालेल्या माणसाला सुपरवायझर. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, माह्या बापालेही कोणीतरी पहिल्यांदा कामावर ठेवलंच होतं ना. त्यांचे वडील आयुष्यभर रस्त्याच्या खडीवर राबले होते. बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला घरी नेलं, वहिनींनी खिरीची वाटी दोनदा भरली. परक्या मुलखात इतकं कोण करतं?

पण उपकाराचं एक ओझं असतं. साहेबांचा फोन वाजला की मी दचकायचो. काही चुकलं का, आता काढतात का, असं. आपण त्यांना त्रास द्यायचा नाही, विचारतील तेवढंच सांगायचं, आणि एकदाच सांगायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. चांगलं वागणं म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

योजना अशी. धरणातलं पाणी उचलायचं, टेकडीवर शुद्ध करायचं आणि तिथून पाईपांनी वीसेक गावांच्या टाक्यांत सोडायचं. ऐकायला सोपं. रोज संध्याकाळी प्रत्येक टोळीनं मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचं, आजचे मीटर इतके. वरच्या ऑफिसातून एक अंगठा यायचा. मीटर जास्त असले की दोन अंगठे. साईट ऑफिसच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. जेवढी लाइन टाकून झाली तेवढी साहेब हिरव्या स्केचपेननं रंगवायचे.

आता मीटरवरच सगळं असेल तर माणूस काय करेल? मोकळं शेत, मऊ माती बघून तिथं चर मारेल. आमचा मुकादम तेच करायचा. कारंज्याचाच माणूस, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं असं की भांडण वाटावं आणि असायची थट्टा. नाला आला, खडक आला, डांबरी रस्ता आला की तो पाईपाच्या तोंडावर टोपण बसवायचा, माती लोटायचा आणि पलीकडं जाऊन पुन्हा सुरुवात करायचा. मधला तुकडा शेवटी बघू. मी एकदा म्हणालो की मुकादम, ही टोकं जोडत जाऊ या. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जोडाले अख्खा दिवस जाते अन मीटर शून्य. मले येड लागलं हाय का, कोल्हापूर?"

कोल्हापूर हे माझं नाव पडलं होतं. त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं. त्याच्या टोळीची मजुरी मीटरवर होती, जोडावर नाही. जोड कुणी मोजतच नव्हतं. अशी अकरा टोकं मातीखाली पडली होती. कुठलं बाभळीपासून किती पावलांवर, कुठलं विहिरीच्या कोणत्या अंगाला, ते फक्त माझ्या डोक्यात. झोपेत मी ती टोकं मोजायचो. नकाशा बघायला आलेली माणसं म्हणायची, वा, नव्वद टक्के. मला वाटायचं, नव्वद टक्के पाईप आहे, पाणी नाही. पण हे त्यांना कोण सांगणार? मी?

अकरापैकी दहा टोकं हळूहळू जोडली गेली. रस्त्याच्या परवानग्या आल्या, नाले आटले. राहिलं एक, ते बागेतलं.

शेवटच्या दोन गावांकडं जाणारी लाइन एका संत्र्याच्या बागेच्या कडेनं जात होती. एका बाजूला वनखात्याची हद्द, दुसऱ्या बाजूला नाला, दुसरी वाटच नव्हती. एकशे चाळीस मीटर, म्हणजे जेमतेम सव्वीस पाईप. बागेचे मालक सत्तरीचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. माणूस तिरकस पण शब्दाचा पक्का. साहेब आणि मी पहिल्यांदा गेलो तेव्हा झाडांवर हिरवी फळं लगडलेली होती. काकांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं.

"आता खांदलं त मुळी तुटते, फळ गळते. तोडा होऊ द्या. तोडा झाला का पंधरा दिवस तुमचे. मंग मी बाग ताणावर टाकतो. त्याच्यानंतर धुऱ्याच्या आत पाय नाई टाकू देत कोणाले."

तोडा म्हणजे फळांची तोडणी, धुरा म्हणजे शेताचा बांध. ताण मला माहीत नव्हता. काकांनी समजावून सांगितलं. तोडणीनंतर थोड्या दिवसांनी बागेचं पाणी पूर्ण बंद करायचं. महिना-सव्वा महिना थेंबही द्यायचा नाही. झाड मलूल होतं, पानं गळायला लागतात, आणि मग पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलते. ताणात मध्येच पाणी लागलं तर फूल धड येत नाही आणि वर्षाचा बहर गेला. आम्ही उसाच्या मुलखातले, पाण्याची पाळी चुकली म्हणून भावाशी भांडणारे. झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवतात हे ऐकून मी काकांकडं बघतच राहिलो. ते म्हणाले, "तुह्या उसाले फुलाचं कायले पडलं हाय?"

साहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. तोडा ते ताण, हे पंधरा दिवस ठरले. पण वरच्या ऑफिसच्या तक्त्यात बागेचं काम जुलैत दाखवलं होतं. जुलै उलटला तेव्हा त्यांनी तिथं लाल रेघ मारून लिहिलं, शेतकऱ्याचा विरोध. हे कसं कोण जाणे काकांच्या कानावर गेलं. मला बोलावून म्हणाले, विरोध कुठी केला मी? मी त तारीख देली. तक्त्यात तोडा लिहायला जागाच नव्हती.

डिसेंबर लागला. एका दुपारी काकांचा फोन आला की शेवटच्या क्रेट गाडीत चढून राहिल्या आहेत, या. मी लगेच साहेबांना फोन लावला. ते वर्ध्याला मीटिंगमध्ये होते, हळू आवाजात म्हणाले, चार दिवस थांब, हायवेकडचं होऊ दे. त्या महिन्यात मीटर कमी पडले होते आणि हायवेकडं मोकळी पट्टी होती. मी बरं म्हणालो.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी फोन हातात घेतला, साहेबांचं नाव काढलं आणि परत खिशात ठेवला. त्यांनी ऐकलंय, त्यांच्या लक्षात असेल. मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे त्याला विसरभोळा म्हणणं. माझ्यासाठी ज्यानं गाडीची सीट घाण करून घेतली त्याला मी टोचत बसू? अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. हातात फक्त एक बटण होतं आणि ते दाबलं गेलं नाही.

सहाव्या दिवशी साईट ऑफिसात वरच्या लोकांचा व्हिडिओ कॉल होता. नकाशा कॅमेऱ्यासमोर धरायला मी होतो. पलीकडून एक बाई म्हणाल्या, तिथं तो पांढरा तुकडा काय आहे? साहेब म्हणाले, आठ दिवसांत होतं. कॉल संपला. नकाशा माझ्या हातातच होता. साहेबांनी स्केचपेन उघडलं आणि तो पांढरा तुकडा रंगवून टाकला. पुढच्या कॉलला पुन्हा तोच प्रश्न नको, एवढाच त्यांचा विचार असणार. माझ्या नाकाखाली त्या ओल्या रंगाचा वास येत होता. मी नकाशा सरळ धरून उभा राहिलो.

दहाव्या दिवशी मी साहेबांकडं न जाता मुकादमाकडं गेलो. तो जेवत होता. म्हणाला, सव्वीस पाईपांसाठी टोळी उचलून तिकडं नेऊ, हातानं खणू, कारण बुढा जेसीबी आत घालू देणार नाही, अन इथं मशीन उभी ठेवू? साहेबाले सांग, मले कायले सांगतं. तेही बरोबरच. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि दिवस जात होते.

सोळाव्या सकाळी मी बागेकडं गेलो. काका धुऱ्यावर उभे होते. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, झाले तुमचे पंधरा दिवस, आणि विहिरीवरच्या मोटरीचा फ्यूज काढून खिशात टाकला. दुसऱ्या दिवसापासून बाग तहानेला लागली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी वरून आदेश आला. नकाशा पूर्ण हिरवा आहे, तर पाणी सोडून दाखवा. शेवटच्या गावाच्या टाकीपाशी मंडप घालायचा, वरची माणसं बघायला येणार. साहेब खूश होते. टोळीला त्यांनी चहा-पोहे दिले. मी पोह्यांची प्लेट तशीच खाली ठेवली. बागेच्या धुऱ्यापर्यंत आलेल्या पाईपाच्या तोंडावर नुसतं टोपण होतं, मागून काँक्रीटचा आधार नव्हता. पाण्याचा दाब आला की ते उडणार आणि सगळं पाणी ताणावरच्या बागेत घुसणार. काकांनी जे पाणी स्वतःच्या हातानं तोडलं होतं तेच आम्ही त्यांच्या झाडांना पाजणार.

मी आत गेलो आणि दुसऱ्यांदा सांगितलं.

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ स्केचपेनाचं टोपण उघडत-लावत राहिले.

"हे त मीच रंगवलं," ते म्हणाले. "तू तेव्हा इथंच होता."

"होतो साहेब."

"मंग बोलला काऊन नाई?"

"एकदा सांगितलं होतं. तोडा झाला त्या दिवशी."

"एकदा. दुसऱ्यांदा काऊन नाई सांगितलं?"

मला जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "तुम्ही मला कामावर ठेवलंत, साहेब."

ते खुर्चीत मागं टेकले. "सांगालेच ठेवलं होतं ना बापा तुले."

आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. मी ज्याला कृतज्ञता म्हणून सांभाळत होतो, तिचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. त्यांना टेप वाचणारा आणि वाचलेलं बोलणारा माणूस हवा होता.

त्यांनी वर फोन लावला, तारीख पुढं ढकला म्हणाले. पलीकडून नाही आलं. पाहुणे ठरलेत, पत्रिका छापल्यात. बागेच्या दोनशे मीटर अलीकडं एक व्हॉल्व्ह होता, जमिनीत चौकोनी चेंबर बांधून बसवलेला. तो बंद ठेवला तर अलीकडच्या गावांना पाणी जाणार, पलीकडच्या दोन गावांना नाही. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्याची चावी माझ्या हातात दिली. चावी म्हणजे माझ्या छातीएवढी लोखंडी दांडी. म्हणाले, मंडपात काय सांगायचं ते मी पाहीन, तू तिथंच उभा राहायजो, कोणी मांगली तरी देऊ नको, मी मांगली तरी.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून चेंबरपाशी उभा. अलीकडच्या गावांतून एकेक फोन येत होते, टाकीत पाणी पडलं, पडलं. लोकांचा गलका फोनमधून ऐकू यायचा. दीड वर्षात पहिल्यांदा मी ऐकलेलं पाणी ते, आणि मला त्याचा आनंदसुद्धा नीट होईना. दुपारी साहेबांचा फोन आला. मागं माईकचा आवाज, कुणाचंतरी भाषण. ते म्हणाले, कोल्हापूर, वॉल उघडून दे. आवाज नेहमीचाच होता. मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

कुठला हुकूम खरा धरायचा, कालचा की आजचा? आज त्यांच्या शेजारी वरची माणसं होती. काल खोलीत आम्ही दोघंच होतो. नोकरी गेली तर कुठं जाणार, पुन्हा त्या ढाब्यामागच्या खाटेवर? आईला काय सांगणार? धुऱ्यापलीकडं बाग दिसत होती. पानं कडेनं वळलेली, झाडं पार सुकल्यासारखी, आणि काका त्यांच्या मधून निवांत फिरत होते, दूध उतू जायच्या बेतात असताना बाई चुलीपाशी थांबते तसे.

पुन्हा फोन वाजला. "उघडली का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "नाही उघडणार."

पलीकडं भाषण चालूच होतं. मग साहेबांनी फोन न ठेवताच बाजूच्या कुणालातरी सांगितलेलं मी ऐकलं. तिथं एक जोड बाकी आहे, चूक माझी आहे.

पुढचं सांगण्यासारखं नाही. मंडप काढला. साहेबांना नोटीस आली. दोन महिने त्यांना वर्ध्याच्या ऑफिसात बसवलं, कागद करायला. परत आले तेव्हा त्यांनी मला काढलं नाही, की शाबासकीही दिली नाही. काकांची बाग जानेवारीच्या शेवटी फुलली, रस्त्यावर उभं राहिलं तरी वास यायचा. पण फूल आलं, फळ बसलं, म्हणजे धुऱ्याच्या आत पाय टाकायला आम्हाला आता पुढच्या डिसेंबरपर्यंत बंदी. चूक आमची, शिक्षा पलीकडच्या दोन गावांना. सव्वीस पाईपांसाठी एक वर्ष.

ते वर्ष मला फार जड गेलं. शेवटच्या गावात मी मोजमापाला गेलो की बाया टाकीखाली घागरी घेऊन बसलेल्या असायच्या, टँकरची वाट बघत. एकजण म्हणाली, "टाकी लय झाक रंगवली भाऊ तुमी. तिच्या सावलीत टँकर उभा कराले बरं पडते." सगळ्या हसल्या. मीही हसलो, काय करणार? वरच्या ऑफिसाच्या तक्त्यात मी साहेबांना म्हणून म्हणून एक ओळ घालायला लावली. तोडा, डिसेंबर, पंधरा दिवस. महिन्यानं नवीन तक्ता आला, त्यात ती ओळ नव्हती. कॉम्प्युटर तसला शब्द घेत नाही म्हणे. साहेबांनी मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या पानावर पेनानं मोठ्या अक्षरात तोडा लिहिलं. कोट्यवधींच्या योजनेचं नियोजन दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरवर.

या डिसेंबरात काकांचा फोन आला तो क्रेट चढायच्या आदल्या दिवशी. उद्या सरते, या. मी साहेबांना फोन केला. तासाभरानं पुन्हा केला. संध्याकाळी तिसऱ्यांदा केला तेव्हा ते म्हणाले, "अबे, समजलं ना मले." मी म्हणालो, उद्या सकाळी परत करतो. ते हसले की वैतागले ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी टोळी बागेत होती.

हातानं खणायचं होतं. मुकादमानं कुदळ मारता मारता साऱ्या जगाला शिव्या घातल्या, मला सगळ्यात जास्त. मुळी दिसली की काका ओरडायचे, मग ती करवतीनं नीट कापून तिच्यावर शेण लावायचं, मग पुढं. कुठं पाच पाईप, कुठं तीन. पंधरापैकी चौदा दिवस गेले आणि पाईप समोरच्या टोकापर्यंत पोचले. तेव्हा दिसलं की ही दोन टोकं एका रेषेत नाहीत. बागेबाहेरची लाइन दोन्हीकडून दोन वेगळ्या टोळ्यांनी टाकली होती, एक हातभर वर, एक हातभर खाली. नकाशावर काय, हिरव्या रंगाला खोली नसते. मुकादम खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्याला काही शिवी सुचली नाही.

पंधराव्या दिवशी सकाळपासून तेच काम. पाईप कापला, दोन वाकडे तुकडे आणले, त्यांच्या मागं काँक्रीटचा आधार भरला, रबराच्या रिंगा साबण लावून बसवल्या. शेवटचा जोड मी स्वतः हात घालून तपासला, खांद्यापर्यंत चिखल. साहेब आले होते, चराच्या काठावर उभे. दिवस मावळायच्या आत मी चेंबरपाशी जाऊन ती लोखंडी दांडी फिरवली, अगदी थोडी. पाईपातून हवा निघाल्यासारखा आवाज आला. आम्ही सगळे खड्ड्यातल्या जोडाकडं बघत होतो. थेंबही बाहेर आला नाही. थोड्या वेळानं शेवटच्या गावातून फोन आला की टाकीत पाणी पडून राह्यलंय.

ग्रुपवर टाकायची वेळ झाली होती. मुकादमानं फोन माझ्या हातात दिला, म्हणाला तूच टाक, मले लाज वाटते. मी लिहिलं, आजचे मीटर शून्य.

वरून अंगठा आला नाही. प्रश्न आला, शून्य का?

मी त्या प्रश्नाकडं बघत बसलो. काय लिहायचं? साहेबांकडं बघितलं तर ते गाडीकडं चालू लागले होते. मुकादमानं खर्रा काढला. काका चराच्या पलीकडं उभे होते, हातात चार संत्री, तोडणीत चुकून वर राहिलेली. ती त्यांनी माझ्याकडं टाकली.

"मोबाईल ठेव अन फावडं घे," ते म्हणाले. "मुळ्या उघड्या हाय. उद्यापासून ताण हाय माह्या बागेले."

मी संत्री खिशात कोंबली आणि चर बुजवायला खाली उतरलो. ग्रुपवरचा तो प्रश्न तसाच राहिला.